पेटलेला डोंगर आणि मुग्धाच्या कुरडया

आमच्या सोसायटीला अगदी चिकटून कात्रजचा डोंगर आहे. दर उन्हाळ्यात त्याला वणवा लागतो आणि आमच्या गच्चीत राख अन् किस्से दोन्ही येऊन पडतात. राख निदान झाडून टाकता येते.

* * *

गच्चीत पापड सगळ्यांचे वाळत असले, तरी लक्ष वरच्या मजल्यावरच्या शबानाभाभींचं. त्यामुळे वणव्याची पहिली बातमी त्यांची. एकदा त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, "धूर येतोय. पापड उचला."

सेक्रेटरी लेलेकाकांचं लगेच उत्तर, "हा ग्रुप फक्त महत्त्वाच्या सूचनांसाठी आहे."

"बरं. तुमचे तेवढे राहू देते."

काका लिफ्टची वाट न बघता गच्चीत पोचले.

* * *

फायर ब्रिगेडला फोन काकाच करतात.

"पत्ता?"

"कात्रज."

"जवळची खूण सांगा."

"डोंगर. सध्या पेटलाय, चुकणार नाही."

* * *

एकदा ज्वाळा कुंपणापर्यंत आल्या. फक्त मौल्यवान वस्तू घेऊन खाली या, असं काकांनी सांगितलं. मी दागिने घेऊन उतरले. आमचे हे टीव्हीचा रिमोट घेऊन!

"आणि टीव्ही?"

"तो जड आहे."

* * *

यंदा मात्र जीव टांगणीला लागला. शेजारच्या सुलेखाताईंच्या मुग्धाचं लग्न. रुखवतातल्या कुरडया गच्चीत वाळत होत्या आणि ताई साड्यांना फॉल लावून आणायला गेलेल्या. तेवढ्यात डोंगर पेटला. कुरडया अर्धवट ओल्या, उचलल्या तर मोडणार. मग काका, भाभी, हे आणि मी, चौघांनी कुरडयांवर एका चादरीची चार टोकं ताणून धरली आणि आग विझेपर्यंत खोकत उभे राहिलो.

राखेचा कणही पडू दिला नाही. पण धूर चादरीला जुमानतो थोडाच? ताईंनी आल्याबरोबर एक कुरडई नाकाशी नेली आणि लगेच परत ठेवली. "आता पुन्हा करायला वेळ कुठाय? पोरीला सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागणार." मला फार वाईट वाटलं.

रुखवतात त्याच कुरडया सासरी गेल्या.

लग्नानंतर विहीणबाईंचा फोन आला, तेव्हा आम्ही सगळे ताईंकडेच होतो. ताईंनी घाबरत स्पीकर लावला.

"अहो, तुमच्या कुरडयांना तो वास कसला?"

काका हळूच दाराकडे सरकले.

"आमच्याकडे आता दुसऱ्या कुरडयांना कोणी हात लावत नाही. घालता तरी काय त्यात?"

"काही नाही हो. गव्हाचा चीक शिजवायचा, कुरडया घालायच्या, गच्चीत वाळवायच्या."

"आम्हीही तेच करतो. मग?"

ताईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं.

"तुमच्याकडे डोंगर आहे का?"