पत्ता मागता न येणारं मशीन

"यादी उघडून नाही राहिली, मावशी! काहून बंद केली?"

हिंगोलीहून डॉक्टरीणबाई फोनवर ओरडत होत्या. सुमन नावाची बाळंतीण, जुळं झालेली, तिचं रक्त थांबत नव्हतं. ओ निगेटिव्ह हवं होतं आणि रक्तपेढीत त्या गटाची एकही बाटली नव्हती. रक्त देणाऱ्यांची यादी माझ्या सर्व्हरवर होती. तो सर्व्हर मी त्याच सकाळी बदलला होता.

मी चौथी शिकलेली. वसमतच्या एका कॉम्प्युटर क्लासात झाडलोटीला लागले आणि तिथंच लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकटची प्रणाली, शिकले. दोन हजार आठ-नऊच्या सुमारास आमच्याकडं लोडशेडिंग फार, म्हणून यादी क्लाउडवर ठेवली. क्लाउड म्हणजे दूरच्या कंपनीचं भाड्याचं मशीन. त्यावर इमेज चढवावी लागते, म्हणजे लिनक्स आणि आपलं काम एकाच फाइलीत बांधलेली प्रत. आमची लाइन संथ. मोठी फाइल चढायला दिवस जायचा. म्हणून मी इमेजमधलं बिनकामाचं एकेक काढून टाकलं. टेबलावरच्या मशीनवर चालवून पाहिली, बराबर चालली. मग वर चढवली आणि जुना सर्व्हर कायमचा बंद केला.

पंधरा मिनिटं मी कंपनीला शिव्या देत मशीन रीस्टार्ट करत बसले. चूक आपली असेल हे मनात येईना.

"मशीन हलकं केलं म्हणत होत्या ना? लई हलकं झालं मावशी, उडून गेलं!" डॉक्टरीणबाई पुन्हा फोनवर ओरडल्या.

तेव्हा उमगलं. नेटवर्कवर प्रत्येक मशीनला आकड्यांचा पत्ता लागतो. आमच्या क्लासात तो वहीत बघून हाताने द्यायची रीत. क्लाउडवर मशीन चालू झालं की ते स्वतः पत्ता मागून घेतं. तो मागणारा प्रोग्राम मी बिनकामाचा समजून काढला होता. मशीन तिकडं चालू होतं, पण कोणी त्याच्यापर्यंत पोचू शकत नव्हतं.

नवी इमेज चढायला दोन तास तरी लागले असते. सुमनकडं तेवढा वेळ नव्हता. मी तीच इमेज टेबलावर पुन्हा चालू केली, पत्ता हाताने दिला. यादी उघडली. ओ निगेटिव्हची चार नावं. दोन फोन लागले नाहीत, एकजण पुण्याला गेलेला. चौथा जवळा बाजारचा गौतम टेलर.

"आज बाजार हाय, मावशी. गिऱ्हाईक कापड धरून उभं हाय."

"बाई मरून राहिली, गौतम."

"मंग आधी सांगायचं ना! निघालो. सुई बारकी ठेवा म्हणावं."

तासाभरात तो हिंगोलीला पोचला. त्याच्या बाटलीवर सुमन नांदेडच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत टिकली.

संध्याकाळी मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "चूक कंपनीची न्हाई, माझी होती."

"मी ओरडले, मनावर घेऊ नका."

"ओरडायलाच पाहिजे होतं."

मशीन जिथं चालवायचं, तिथं चालवून पाहिल्याशिवाय जुनं बंद करू नये. एवढंच शिकले.

सुमन वाचली. जुळ्यातली एक मुलगी वाचली, दुसरी गेली.