पुढचं डावं चाक

माझा मित्र मुकुंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका आजीबाईंना रक्तदाबाच्या गोळ्या समजावून सांगत होतो. फोनवर त्याची बायको, अलका वहिनी होत्या. "भाऊजी, हे गॅरेजमध्ये बसलेत आणि उठत नाहीत," एवढंच त्या म्हणाल्या. न्यूझीलंडमधल्या पोरिरुआतलं माझं औषधाचं दुकान आणि त्यांचं घर यांत सहा मिनिटांचं अंतर. मी पोचलो तेव्हा ॲम्ब्युलन्सवाल्यांनी त्याला जमिनीवर निजवलं होतं आणि आपलं काम थांबवलं होतं. त्याच्या उजव्या मुठीत एक बेअरिंग होतं. वहिनींनी ते हलकेच सोडवून घेतलं, फडक्याने पुसलं आणि फळीवर जागच्या जागी ठेवलं. त्या क्षणी मला ते अगदी स्वाभाविक वाटलं. अंगावर काटा आला तो घरी गेल्यावर.

चिंचवडच्या कारखान्यात मुकुंदाने अठरा वर्षं बेअरिंगं तपासली. आतली कडी दोन बोटांत धरायची, कानाशी न्यायची, बाहेरची कडी अंगठ्याने हळू फिरवायची. यंत्र होतंच, पण यंत्राने पास केलेले नगही तो कानाने नापास करायचा आणि त्यावरून साहेबांशी भांडायचा. न्यूझीलंडला आल्यावर तो गाड्यांच्या सक्तीच्या तपासणीच्या वर्कशॉपमध्ये लागला. चिंचवडचा फ्लॅट विकून आलेले सगळे पैसे त्याने सुटे भाग बनवणाऱ्या एका कॅनडियन कंपनीच्या शेअर्समध्ये घातले. त्याचं म्हणणं सरळ होतं. दिवस वाईट आले की लोक नवी गाडी घेत नाहीत, जुनीच चालवतात. आणि जुनी गाडी पार्ट खाते. मी म्हणायचो, मग त्यासाठी कॅनडापर्यंत कशाला जायचं, आपल्या इथल्या पार्टवाल्याला दे पैसे, निदान चहा तरी पाजेल. यावर तो हसायचा नाही. विनोदाचं त्याचं खातं तसं रिकामंच होतं.

कंपनीचा वार्षिक अहवाल त्याच्याकडे यायचा. गुळगुळीत कागद, पहिल्याच पानावर अध्यक्षांचा अर्धपुतळा शोभावा असा फोटो आणि खाली भविष्याकडे आत्मविश्वासाने पाहणारं पत्र. मुकुंद त्यावर ग्रीसचे हात पुसायचा. त्याचा अहवाल वेगळा होता. दर वर्षी तो कंपनीचं एक बेअरिंग रीतसर पैसे देऊन मागवायचा आणि वर्षभर रोज सकाळी गॅरेजमध्ये ते कानाशी फिरवायचा. खरखर आली, की शेअर विकायचे. दहा वर्षांत ती आली नाही. ओळीने मांडलेली बेअरिंगं फळीवर होती, आणि तो फिरवण्याचा बारीक आवाज रोज स्वयंपाकघरापर्यंत जायचा. वहिनी म्हणायच्या, आमच्याकडे भूपाळी अशी असते.

मग बँका कोसळू लागल्या, गाड्यांचे मोठमोठे कारखाने सरकारच्या दारात उभे राहिले आणि मुकुंदाच्या शेअर्सचा भाव निम्म्यावर आला. ख्रिसमसच्या सुटीत तो माझ्या घरी आला होता, तेव्हा मी त्याला विकून टाक म्हणून सांगितलं. त्याने माझी गाडी ड्राइव्ह-वेवर दोनदा पुढेमागे घ्यायला लावली आणि स्वतः वाकून ऐकत राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. अजून नाही."

मी म्हटलं, गाड्यांचं राहू दे, तुझा चेहरा मला बरा दिसत नाही, ब्लड प्रेशर तपासून घे. त्याने माझ्या टूलबॉक्समधला लांब स्क्रूड्रायव्हर उचलला, मेकॅनिक इंजिनाला लावतात तसं टोक स्वतःच्या छातीवर टेकवलं आणि मान वाकवून मूठ कानाला लावली. थट्टाच होती. पण थट्टेला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ तो तसा राहिला... मग स्क्रूड्रायव्हर खाली ठेवत म्हणाला, "अजून नाही, सद्या."

मार्चमध्ये तो गेला. शोकसभेत इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी त्याला द्रष्टा गुंतवणूकदार म्हटलं. वास्तविक महिन्याभरापूर्वी ते त्याच्या कॅनडावर मनसोक्त हसले होते. पाठोपाठ एक आर्थिक सल्लागार चकचकीत फोल्डर घेऊन वहिनींकडे आले. घर सोडलं तर त्यांच्याकडे हे शेअर्सच होते. मुलगी ऑकलंडला युनिव्हर्सिटीत. सगळं विकून उरलेलं वाचवा, शुक्रवारपर्यंत फॉर्मवर सही करा, असं सल्लागार म्हणाले. सुटाबुटातल्या माणसाशी मी आयुष्यात क्वचितच सहमत झालो आहे, पण या वेळी झालो. वहिनींना तसं निक्षून सांगितलंही.

बुधवारी कॅनडाहून पार्सल आलं. मुकुंदाच्या नावाने, त्याच्या जाण्यानंतर तीन आठवड्यांनी. कुरियरवाल्याने विचारलं, मुकुंद घरी आहेत का? वहिनी म्हणाल्या, गॅरेजमध्ये आहेत, आणि सही करून मोकळ्या झाल्या. हे त्यांनी मला संध्याकाळी सांगितलं, आज भाजी कुठली केली हे सांगावं तितक्या शांतपणे.

खोक्यात दोन बेअरिंगं होती. एक नेहमीचं, वर्षाचं. दुसरं वेगळ्याच मापाचं. बिलावर ग्राहकाच्या टिपणीसाठी एक ओळ असते, तिथे रोमन लिपीत छापलं होतं: 'सदा, पुढचं डावं'. ऑर्डरची तारीख जानेवारीतली होती.

वहिनींनी नेहमीचं बेअरिंग माझ्या हातात दिलं. मी कानाशी फिरवलं. मला काहीच कळलं नाही. मग त्यांनी घेतलं. बोटं नेमकी तशीच पडली, अंगठा तसाच, मानही त्याच बाजूला कलली. मी नजर दुसरीकडे वळवली.

"स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या.

"वहिनी, बेअरिंगवरून शेअरचा भाव कळत नाही."

"नसेल कळत. तुमचं तुम्ही घेऊन जा. उगाच नसेल मागवलं त्यांनी."

परतताना मी खाडीकाठच्या रस्त्याने आलो. पाणी आणि आकाश एकाच राखाडी रंगाचं झालं होतं. उजवीकडच्या पहिल्या वळणावर गाडीच्या पुढून डाव्या बाजूने एक घुमणारा आवाज आला, कुणी मिटल्या तोंडाने सूर धरावा तसा. रस्ता सरळ झाला, आवाज विरला. पुढच्या उजव्या वळणावर परत आला. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधल्या सामोअन मेकॅनिकने चाक काढलं आणि सांगितलं, डावं बेअरिंग गेलंय, नुकतंच. मी खिशातून नवं काढून दिलं. त्याने माप पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत झकास, असं म्हणून तो कामाला लागला.

शुक्रवारी मी वहिनींना फोन करून माझा सल्ला मागे घेतला. नवा दिला नाही. तेवढा धीर माझ्यात नव्हता. त्यांनी फॉर्मवर सही केलीच नव्हती.

शेअर अजून खालीच आहे. मुकुंद बरोबर होता की नाही हे मला ठाऊक नाही, आणि एका चाकावरून जगाच्या बाजाराचं भाकीत करण्याइतका मी अजून बिघडलेलो नाही. खाडीकाठी आलो की रेडिओ मात्र बंद करतो. परवा वहिनींकडे चहाला गेलो होतो. नवं बेअरिंग आता गॅरेजच्या फळीवर नाही, स्वयंपाकघराच्या खिडकीत असतं. मी न राहवून विचारलं, विकायचा विचार आहे का? त्यांनी आधण उतरवलं, हात पुसले, बेअरिंग कानाशी नेऊन सावकाश फिरवलं...

"अजून नाही," त्या म्हणाल्या.

हे दोन शब्द तो घरातही बोलायचा का, ते मी विचारलं नाही.