कपाटाची पूजा

गजेंद्र मूळचा बार्शीटाकळीचा, पण नांदगाव पेठेच्या एका कापड गिरणीत त्याची अर्धी हयात गेली, तीही कॉम्प्युटरच्या थंडगार खोलीत. गिरणीत कोणी नवीन आलं की तो आधी त्याला या खोलीत नेई आणि तरुणपणी अकोल्याच्या क्लासात पाठ केलेला धडा ऐकवी. "सगळ्यात मोठा सुपर, तो हवामान सांगते. त्याच्याखाली मेनफ्रेम, बँका-रेल्वेचा. मंग मिनी, म्हंजे हे आपलं कपाट. आन् टेबलावरचे सारे मायक्रो. जेवढं आंग, तेवढी ताकद!" शेवटचं वाक्य क्लासातलं नव्हतं, त्याचं स्वतःचं होतं, आणि ते त्याला फार आवडे.

कपाट चांगलं पुरुषभर उंच, काळंभोर. गेल्या दिवाळीच्या सुमारास गिरणीचे तरुण इंजिनिअर केयूर साहेब यांनी त्याच्या शेजारी एक चपटी पेटी आणून ठेवली. "काका, हा नवा सर्व्हर," असं सांगितलंही. गजेंद्रने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पोळपाटाएवढ्या वस्तूला सर्व्हर म्हणायचं म्हणजे हद्द झाली!

यंदाच्या खंडेनवमीला पूजेसाठी सगळे माग थांबवले होते. गजेंद्र हार घेऊन कपाटापुढे उभा राहिला, तर पाट मांडायला जागा पुरेना. त्याने पेटीची वायर उपटली आणि ती कोपऱ्यात सरकवली. मायक्रोच तर होती! फरशी पुसणाऱ्या वच्छलाने विचारलंसुद्धा, "भाऊ, हे काढलं तं चालते ना?"

"चालते वो."

पूजा झाली, पण माग काही हलेनात. कोणत्या मागावर कोणतं कापड विणायचं हे सांगणारी पेटीच बंद होती. ती पुन्हा जोडली, पण एकदम बंद झाल्यामुळे आतलं सगळं बिघडलं होतं. दसरा उलटला तरी गिरणी मुकी. व्यवस्थापक खवळले. खोलीतून शेवटी बाहेर पडली वच्छला, म्हणून तिलाच उद्यापासून येऊ नको म्हणाले. तिने गजेंद्रकडे फक्त एकदा पाहिलं. हे काम तिला त्यानेच मिळवून दिलं होतं.

गजेंद्र गप्प राहिला. भ्याला, दुसरं काय! दुपारी त्याने डबा उघडला. खिडकीतून वच्छला फाटकाकडे जाताना दिसली. तो तसाच उठून केयूर साहेबांकडे गेला.

"साहेब, वायर म्या काढली. तिले काऊन घरी पाठवून राहिले?"

"पण का काढलीत, काका?"

"मले वाटलं लहान हाये. काम तं कपाट करते."

केयूर साहेब म्हणाले, "काका, कपाट गेल्या दिवाळीपासून रिकामं आहे. आत नुसता पंखा चालू ठेवलाय."

"पंखा? काऊन?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. कपाटाबरोबर तुमची जागाही संपली होती. जुना माणूस आहे, राहू द्या, असं मी वर सांगितलं. पण हे वर कळलं तर मला काही करता येणार नाही." मग ते हळूच म्हणाले, "मी ऐकलंच नाही असं समजू?"

गजेंद्रला रडू आलं. वर्षभर तो त्या पंख्याची घरघर ऐकून म्हणत आला होता, बेटा कामात हाये.

"नाही साहेब," तो म्हणाला. "ऐकलं म्हना. वच्छलाले बलावून घ्या."

वच्छला दुसऱ्या दिवशी कामावर आली, तेव्हा गजेंद्र कपाटावरचा सुकलेला हार उतरवत होता. फडक्याने त्याने कपाटाचं दार नेहमीसारखं पुसलं. मग पंख्याचं बटण त्यानेच बंद केलं.