नाथाजी हवालदारांची सही

डॉक्टर प्रांजल पहिल्यांदा वॉर्डात आल्या तेव्हा नाथाजी हवालदारांना त्या दिसल्याच नाहीत. दिसला तो कागदांचा गठ्ठा. जमिनीपासून चार-पाच फुटांवर, दोन पायांवर चालणारा, पायांत पांढरे बूट घातलेला. गठ्ठा दारात अडखळला, सलाईनच्या स्टँडला "सॉरी हं" म्हणाला आणि थेट नाथाजींच्या अंगावर चालून आला. चोवीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाने अशा वेळी जे करायचं तेच नाथाजींनी केलं. टाचा जुळवून सलाम ठोकला. त्या टाचांच्या आवाजाने म्हणे तीन पेशंटचं ब्लड प्रेशर वाढलं, आणि एकाचं चार दिवस खाली होतं ते जागेवर आलं.

"नाथाजी मामा तुम्हीच ना?" गठ्ठ्यामागून बारीक आवाज आला. "साक्षीदाराच्या सह्या तुम्ही करता, असं सीनियर म्हणाले."

"व्हय म्याडम. कुठं करायच्या?"

कशाच्या, हे त्यांनी विचारलं नाही. कधीच विचारत नसत. जिथं साहेबाचं बोट, तिथं आपली सही, हे फौजेत अंगात मुरलेलं.

नाथाजी उंब्रजकडचे. पेन्शनीत निघाल्यावर कराडजवळच्या एका मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात वॉर्डाचे मामा म्हणून लागले, त्याला अकरा वर्षं झाली. सगळे मामाच असतात तिथे. पण छातीवरच्या बिल्ल्यावर 'हवालदार' लिहून घेतलेले मामा एकच. आणि सही! पहिला 'न' औताला जुंपल्यासारखा निघायचा, शेवटची वेलांटी पार समासात जाऊन वळायची, मग खाली दोन रेघा आणि दोन टिंबं. एका सहीला अर्धं मिनिट लागायचं. शिकाऊ डॉक्टरांना प्रबंध लिहावा लागतो, त्यासाठी पेशंटची संमती लागते, आणि पेशंटचा अंगठा असला की शेजारी साक्षीदार लागतो. "सतरा डॉक्टर माझ्या सहीनं पास झाल्यात," असं नाथाजी गावात सांगत. लोक हसत. पण ते अगदी खरं होतं. पंचाईत तीच होती.

डॉक्टर प्रांजलना प्रबंधासाठी साखरेच्या आजाराच्या एकशेवीस बायका हव्या होत्या आणि हातात तीन आठवडे. भरतीच्या कागदांतच त्या संमतीचा कागद सरकवायच्या. "आजी, इथं अंगठा." आजीला वाटे, खाट मिळाल्याचा अंगठा. दुपारी सगळा गठ्ठा चादरींच्या खोलीत नाथाजींपुढे यायचा. अंगठा उमटला तेव्हा साक्षीदार ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन लिफ्टमध्ये अडकलेला असायचा.

एका सकाळी सात नंबरच्या खाटेवरून हाक आली. "आवं हवालदार, हिकडं या जरा."

माण तालुक्यातल्या अंबूबाई. पायाला जखम, अंगात साखर.

"काय पायजे मावशी? पानी?"

"न्हाई. ह्या शेजारनीचं दोन बाटल्या रगात काडलं. पल्याडलीचंबी दोन. माजं तीन. तिसरीला जांभळं टोपान. ती कशाची?"

चाळीस वर्षं रोज संध्याकाळी मेंढरं मोजून जाळीत कोंडलेली बाई. तिच्या नजरेतून बाटली सुटणार कशी?

"डाक्टरीनबाईंना इचारा की."

"तिला कशाला? साक्षीला तुमी हाय म्हनं. आमच्यात मेंढरू इकलं, तर साक्षीला हुबा ऱ्हायलेल्याला धा वर्सांनीबी इचारत्यात. तवा काय ठरलं, त्यो सांगतो. सांगा, काय ठरलं हुतं?"

फौजेत नाथाजींवर गोळीबार झाला होता. पण त्याला उत्तर तरी देता यायचं. "बघून सांगतो," म्हणून ते चादरींच्या खोलीत गेले, चष्मा लावला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तो चार पानी कागद वाचला. जादा रक्त अभ्यासासाठी आहे, उपचारासाठी नाही. नकार देता येतो. नकारामुळे उपचारात फरक पडणार नाही. आणि शेवटी, 'ही माहिती रुग्णास तिच्या भाषेत माझ्यासमोर समजावून सांगण्यात आली.' खाली त्यांची सही. दोन रेघा, दोन टिंबं. रेघा त्यांना जरा जास्तच वाटल्या.

ते परत आले आणि चारही पानं अंबूबाईंना वाचून दाखवली.

"म्हंजी न्हाई म्हनलं, तरी पायाचं औशिद बंद न्हाई?"

"न्हाई."

"मग आदी का न्हाई इचारलं? इचारलं असतं तर दिलं असतं. दुसरीच्या पायाला उपेग झाला असता." अंबूबाईंनी पदर सावरला. "आता न्हाई."

नाथाजी डॉक्टर प्रांजलसमोर जाऊन सावधान उभे राहिले. "म्याडम, माझ्या सह्या परत द्या."

"कुठल्या?"

"समद्या. त्र्याऐंशी."

त्या आधी हसल्या. मग खुर्चीत बसल्या आणि डोळे पुसू लागल्या. "मामा, माझे गाइड सर मला कच्चं खातील हो. प्रत्येकीला हे वाचून दाखवायचं म्हणजे वीस-वीस मिनिटं. मी चार तास झोपते."

"वीस न्हाई, पस्तीस. मी घड्याळ लावलं हुतं. पन त्यातली पंधरा अंबूबाईंच्या प्रश्नांची. तुमी वाचा. मी हुबा ऱ्हातो. मग सही करतो."

अंबूबाईंचा कागद त्यांच्यादेखत आडव्या रेघेने रद्द झाला. पुढचे आठ दिवस डॉक्टर प्रांजल खाटेखाटेपाशी वाचत होत्या आणि शेजारी नाथाजी पहाऱ्यावर असल्यासारखे उभे. बायकांनी खूप विचारलं. एकीने विचारलं, जादा रक्त नवऱ्याचं काढलं तर चालेल का, तो नुसताच बसलेला असतो. घरी गेलेल्यांना फोन लावले. त्र्याऐंशींपैकी बावन्न राहिल्या. आकडा का घटला, असं सरांनी विचारलं, तेव्हा डॉक्टर प्रांजलनी खरं सांगितलं. सरांनी साक्षीदाराचं नाव तेवढं लिहून घेतलं.

डॉक्टर प्रांजलना सहा महिने मुदत वाढवून घ्यावी लागली. अंबूबाईंची जांभळ्या टोपणाची बाटली मात्र कागद रद्द होण्याआधीच तपासून झाली होती. नाथाजींची बदली पार्किंगला झाली. साक्षीदाराच्या सह्या आता दुसऱ्या पाळीचा सिद्धू करतो. त्याची सही लहान आहे, पटकन होते.