टाचेखालचा दाणा

दुपारी वृषालीचा डोळा लागतो आहे, पण धास्ती सुटत नाही. नवी गोळी तिनं सकाळी घेतली. सकाळचं काय, सकाळी तिचे पाय नेहमीच सरळ असतात. खरी परीक्षा संध्याकाळी. तेव्हा पावलं आत वळतात, टाचा उचलल्या जातात. दुपारी झोप काढूनही ते टळत नाही. पापण्या जड होतात, आणि मागीलदारी सूत गुंडाळायचं कांडी मशीन घरघरू लागतं.

मशीनपाशी शेवंताआत्या बसली आहे. तिला जाऊन कितीतरी वर्षं झाली. तिचेही पाय असेच. म्हणून घरच्यांनी तिला सकाळीच दाखवली, लग्नही सकाळीच लावलं. वरात सासरी पोचली ती मात्र दिवेलागणीला. उंबऱ्यावरचं तांदळाचं माप वाकड्या पावलानं लवंडेना. नाटकी आहे म्हणून सासरच्यांनी परत पाठवली.

"नाटक नव्हतं, आत्या," वृषाली म्हणते. "माझं रक्त तपासलं. त्यातली जनुकं अक्षर न् अक्षर वाचली. एका जागी चूक सापडली."

आत्याच्या चिमटीतून सूत सरकतं आहे. बोटं एका गाठीपाशी थांबतात. "अशी? गाठ लागल्यासारखी?"

"अगदी तशी. बाबांच्या रक्तातही तीच निघाली. त्यांना त्रास नाही. काहींना होतच नाही."

"म्हणजे दादाकडूनच आलं तुला?" आत्या हसत सुटते. "मला नाटकी म्हणण्यात सगळ्यांच्या पुढं तोच होता की गं! काय म्हणाला आता?"

"रिपोर्ट घेऊन तुझ्या फोटोपुढं बसले. जेवले नाहीत."

"जेव म्हणावं. उपाशी राहायचं नाटक नको." मग हळूच, "अन् औषध?"

"गाठ नेमकी कळली, म्हणून मिळालं. एवढीशी गोळी."

"एवढीशी!" आत्या हातातलं सूत खाली ठेवते. मग उठते.

मागीलदाराचा आता सासरचा उंबरा झाला आहे. दिवे लागलेत. माप काठोकाठ भरलंय.

"ये, तूपण लाव पाय."

दोन पावलं सरळ पडतात. तांदूळ दूरवर पसरतात.

वृषाली जागी होते. उजेड उतरला आहे. बाहेरच्या खोलीत बाबा देवापुढं दिवा लावताहेत. ती उठते, भिंत न धरता चार पावलं टाकते आणि थबकते. टाचेला काहीतरी टोचतंय.

वाकून ती तांदळाचा दाणा काढते. संध्याकाळच्या वेळी टाचेला काही टोचावं, असं लहानपणापासून झालं नव्हतं.

"बाबा, जरा इकडे या," ती हाक मारते. आणि लगेच म्हणते, "नको, थांबा. मीच येते."