काकाजींच्या हातून पडलेलं टोपलं

माझ्या चुलत सासऱ्यांइतका आंब्याच्या सालीला जपणारा माणूस अख्ख्या केशोरीत नव्हता. स्वतःच्या कातडीला त्यांनी कधी तेलही लावलं नसेल. मी लग्न होऊन आले तेव्हा स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती. सगळे त्यांना काकाजी म्हणायचे. आंबा काठीने पाडलेला त्यांना खपत नसे. तो जाळीत झेलायचा, देठ बोटभर ठेवायचा, चीक पुसायचा आणि धानाच्या तणशीवर सुटा सुटा मांडायचा. गोंदियाचे एक पाहुणे आंबा दाबून बघू लागले, तर हे भर बैठकीत म्हणाले, "अंगठा कायले रुतवून राहिले? बुरशीले वाट करून देऊन राहिले तुम्ही!" कच्चं फळ चिकाच्या जोरावर बुरशीला थोपवतं, पिकू लागलं की तो जोर ओसरतो, आणि साल फाटली असेल तर संपलंच, हे त्यांनी मला पहिल्याच उन्हाळ्यात तीनदा ऐकवलं.

त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नात आमरसाचं जेवण ठरलं. खोलीभर आंबे पिकत घातले होते. लग्नाच्या आठवडाभर आधी माझ्या हातून एक टोपलं पायरीवरून घरंगळलं. कोणी पाहिलं नाही. मी आंबे पदराने पुसले आणि बाकीच्यांत मिसळून टाकले.

चार दिवसांनी खोलीत आंबूस वास सुटला. आंब्यांवर काळे डाग, देठाशी मऊपणा, काहींवर पांढुरकी लव. शेजारचे आंबेही बिघडू लागलेले. काकाजी उकिडवे बसून एकेक फळ हातात फिरवत होते. मला राहवेना. रडतच सगळं सांगितलं.

"त्याच दिवशी काऊन नाई सांगितलं, सूनबाई? येगळे काढले असते."

"तुमची भीती वाटली."

त्यांनी एक रिकामं टोपलं माझ्याकडे सरकवलं. मग आम्ही दोघांनी संध्याकाळपर्यंत आंबे निवडले. निम्मे वाचले. पंगतीत रस अर्धी अर्धी वाटीच वाढावा लागला. सासूबाईंनी चारचौघांत विचारलं, "इतके आंबे सडले कसे?"

"माह्या हातून टोपलं पडलं," काकाजी म्हणाले.

पंगत खो खो हसली. पुढे कितीतरी वर्षं गाव त्यांना त्यावरून चिडवत राहिलं आणि ते मान खाली घालून ऐकत राहिले. एकदा मी म्हटलं, "काकाजी, मी आता खरं सांगून टाकते."

"माह्या मागं सांगजो," ते म्हणाले.

त्यांना जाऊनही आता बरेच उन्हाळे झाले. आज सांगितलं.