पाहा : मिल लाइन

आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेची स्थलनामसूची मी केली आणि तिला काय म्हणावे यावरचा वादही मीच सुरू केला. माझा भाग एवढाच. किस्से मात्र वाचनालयात जुन्या मासिकांसारखे साठत जातात. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण रद्दीत द्यायला कोणाचा हातही धजत नाही.

त्या दिवसांत इंदुरात एकेक मिल बंद पडत होती आणि कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ उघडत होते. आठवणी छापून ठेवाव्यात असे सर्वांना नेमके तेव्हाच वाटले, हे मला योगायोगाचे वाटत नाही.

*

पहिल्याच बैठकीत अध्यक्ष अण्णासाहेब मुजुमदार म्हणाले, "गॅझेटिअर म्हणा. वजन येतं!" अण्णासाहेबांना एकूणच वजनाचे वावडे नव्हते.

"गॅझेटिअर गावाची माहिती देतो," मी म्हटले. "आपली सूची माहिती देत नाही. गावाचे नाव कोणकोणत्या पानांवर आले आहे, एवढेच दाखवते."

"मग इंडेक्स तर आहे ना मॅडमजी, अनुक्रमणिका!" सचिव वानखेडे म्हणाले. ते महूचे. आजोबा पलटणीत होते, त्यामुळे त्यांची शंकासुद्धा हुकमासारखी येत असे.

"अनुक्रमणिका पुस्तकाच्या आरंभी असते आणि लेखांचा क्रम सांगते. ही शेवटी असते. हिला स्थलनामसूची म्हणतात."

अण्णासाहेब कपाकडे पाहून म्हणाले, "मॅडम, एवढा शब्द म्हणेपर्यंत चहा ठंडा होतो!"

*

तपासायचे मुद्रित आले. प्रेसवाले चौरसियाजी माळव्यातले, मराठीशी त्यांचा संबंध फक्त खिळ्यांपुरता. पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत छापले होते : ‘स्थूलनामसूची’.

अण्णासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"वानखेडे, यात माझं नाव कितव्या पानावर आहे?"

*

बहुमताने मग ‘स्थळसूची’ हा सुटसुटीत शब्द ठरला. माझा विरोध मी नोंदवून ठेवला. वानखेड्यांनी फलकावर लिहिले : ‘स्थळसूचीसाठी नावे पाठवावीत.’

दुसऱ्याच दिवशी लोक पत्रिका आणि फोटो घेऊन आले!

सर्वांत पुढे शकुंतलाबाई खरात होत्या. त्यांचे यजमान मिलमध्ये होते आणि मुलगा राजूही तिथेच लागला होता. मिल बंद पडल्यावर राजूने एसटीडीचा बूथ टाकला. माहितीच्या कागदावर पत्ता लिहिला होता राजेंद्र नगरचा.

"शकुंतलाबाई, तुम्ही तर मिल लाइनमध्ये राहता."

"भावाचा पत्ता आहे, मॅडम. मिल लाइन लिहिलं ना, की लोक पुढे वाचतच नाहीत. दोन ठिकाणांहून ‘कळवतो’ म्हणाले, अन् कळवलंच नाही."

ही सूची तशी नव्हे, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्या कागद घडी करत म्हणाल्या, "मग तिला स्थळांची का म्हणता?"

व्याकरणदृष्ट्या प्रश्न बिनतोड होता. त्याच दुपारी ‘स्थलनामसूची’ हा शब्द परत आला.

*

वानखेड्यांनी सूचीला एक भर घातली होती : ‘माहेर : पाहा देवास, धार, ग्वाल्हेर.’

"माहेर हे सामान्यनाम आहे," मी म्हटले. "आणि ‘पाहा’ केव्हा लिहायचे, तर एकाच जागेला दोन नावे असतील तेव्हा. एका नावावरून वाचकाला दुसऱ्याकडे पाठवण्यासाठी."

"तेच तर केलंय ना! बायांनी लेखात नुसतं माहेर माहेर लिहिलंय. वाचणाऱ्यानं जायचं कुठं?"

मी नोंद काढून टाकली. आजही मला तिचा मोह होतो.

*

मग मिल लाइनचाच प्रश्न आला. मिल कामगारांच्या त्या वस्तीला कागदोपत्री ‘नवविहार’ असे नाव मिळाले होते. अण्णासाहेब म्हणाले, "मिल गेली, नाव गेलं. नवविहारच घाला."

शकुंतलाबाई मला एकटीला गाठून म्हणाल्या, "मॅडम, तेवढं मिल लाइन गाळाच. गौतमपुऱ्याचे एक गुरुजी मुलगी द्यायचं म्हणताहेत. राजूचं जमू द्या, मग काय छापायचं ते छापा."

मिल लाइनच्या गणपतीतल्या नाटकांवरचा लेख त्यांच्याच यजमानांचा होता. पानावर जे नाव आहे, ते सूचीत असलेच पाहिजे. मी नकार दिला. त्या चहा न घेता गेल्या. इंदुरात याचा अर्थ काय होतो, ते मी सांगायला नको.

छापले ते असे : ‘नवविहार : पाहा मिल लाइन.’ चौरसियाजींनी ‘पहा’ केले होते, मी ‘पाहा’ केले.

*

स्मरणिका निघाली. काही दिवसांनी गौतमपुऱ्याचे जाधव गुरुजी वाचनालयात आले. त्यांच्या मागे राजू आणि पदर सावरत शकुंतलाबाई.

"मी राजेंद्र नगरला गेलो," गुरुजी म्हणाले. "मामा म्हणाले, भाचा इथं नाही, नवविहारात राहतो. कोणाला माहीत नवविहार? मामांकडे तुमचं पुस्तक होतं. त्यात शोधलं. लिहिलं होतं, ‘पाहा मिल लाइन.’ पाहा म्हटलं, म्हणून पाहायला गेलो. सगळ्या लाइनीचे फोन या पोराच्या बूथवर येतात, अन् हा घरोघर जाऊन बोलावणी देतो. शिवाय नाटकाचा लेख वाचला. व्याही चांगलं लिहितात."

गुरुजी ‘व्याही’ म्हणाले, हे शकुंतलाबाईंच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

लग्नपत्रिकेचा मजकूर तिथेच, माझ्या टेबलावर झाला. पत्त्यापाशी पेन थांबले. राजू म्हणाला, "मिल लाइन." गुरुजी कबूल झाले. अण्णासाहेबांनी कोणी न विचारता अनुमोदन दिले. सर्वांत शेवटी शकुंतलाबाई कबूल झाल्या.

"लिहा मिल लाइन. पण मॅडम, पुढे ते ‘पाहा’ लिहू नका हं. पाहून झालंय!"